गिटारचा आवाज नेमका कुठून येतो

शाळेत शिकवायला लागले त्या वर्षी मी एक हवाईयन गिटार घेतली. ही गिटार मांडीवर आडवी ठेवायची, उजव्या हाताच्या बोटांत नख्या चढवायच्या आणि डाव्या हातातली गुळगुळीत पोलादी कांडी तारांवरून सरकवत न्यायची. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाणारा तो आवाज तेव्हा सगळीकडे ऐकू यायला लागला होता. पन्नास साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. आम्ही डोंबिवलीला राहायचो. घरात आई, माझा मोठा भाऊ आणि मी. दादा कल्याणजवळच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता आणि उरलेल्या वेळात शेजाऱ्यापाजाऱ्यांचे रेडिओ उघडून बसायचा. मी ठाण्याला मुलींच्या शाळेत गणित शिकवत असे.

शाळा सुटली की आठवड्यातून दोनदा मी टेंभी नाक्याच्या पलीकडे एका सरांकडे गिटार शिकायला जायचे. सर ठाण्याचेच, पिढ्यान् पिढ्या तिथे राहिलेल्या ख्रिस्ती घरातले. लढाईच्या काळात मुंबईच्या एका हॉटेलातल्या वाद्यवृंदात ते गिटार वाजवत होते. लढाई संपली, गोरे सोल्जर घरी गेले, वाद्यवृंद मोडला आणि सर आपल्या कौलारू घरी परत आले. बाहेरच्या खोलीत ते शिकवायचे आणि आत त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे बाई म्हणायचो, शिवणयंत्रावर काम करत बसायच्या. सर साठीला आले होते. बोलायला मऊ, पण सूर चुकला की लगेच डोळे मिटून घ्यायचे. त्यांनी डोळे उघडेपर्यंत आपण तो सूर पुन्हा लावायचा, हे आम्हां शिकणाऱ्यांना ठाऊक झालं होतं.

त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या गणेशोत्सवात मी पहिल्यांदा लोकांसमोर वाजवलं. मांडव भरलेला होता. मी दोन गाणी वाजवली आणि खाली उतरले, तेव्हा पुढच्या दोन ओळींतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मागचे लोक आपापसात बोलत होते, कारण त्यांच्यापर्यंत काही पोचलंच नव्हतं. मधे कुणीतरी माइक आणून गिटारच्या पोटाजवळ धरला, तर कर्ण्यातून अशी शिट्टी निघाली की लहान मुलं कानांवर हात ठेवून हसायला लागली. घरी आल्यावर आईला विचारलं, कसं झालं. आई म्हणाली, "मला वाटलं तू अजून सूरच लावते आहेस. सुरू केव्हा करणार म्हणून मी वाट बघत होते."

मला वाईट वाटायला हवं होतं, पण डोक्यात वेगळंच सुरू झालं. रेडिओवर हीच गिटार वाजते तेव्हा ती इतकी भरून कशी येते? पुढच्या तासाला मी सरांना तेच विचारलं. सर उठले, कपाट उघडलं आणि जुन्या चादरीत गुंडाळलेली एक वस्तू काढून माझ्या मांडीवर ठेवली.

ती विजेची गिटार होती. मी तोवर तशी गिटार फक्त चित्रात पाहिलेली. तिला पोट नव्हतं. सगळं अंग धातूचं, लांबट आणि थंडगार, आणि तारांच्या भोवती घोड्याच्या नालासारखे दोन जाड लोहचुंबक बसवलेले. त्या चुंबकांच्या मधे बारीक तारेचं वेटोळं होतं. सर त्याला पिकअप म्हणाले. एक सोल्जर मायदेशी जाताना ती त्यांना विकून गेला होता, तिच्या अॅम्प्लिफायरच्या पेटीसकट. पेटीला आपल्याकडची वीज चालत नसे, म्हणून मधे एक जड ट्रान्सफॉर्मर लावावा लागे आणि तो थोड्या वेळात इस्त्रीसारखा तापायचा.

सरांनी पेटी सुरू केली. आतले व्हॉल्व्ह तापेपर्यंत आम्ही थांबलो. मग त्यांनी मला एकच तार छेडायला सांगितली. सूर निघाला आणि थांबेचना. लाकडी गिटारचा सूर जिथे विरून जातो तिथून हा जणू पुढे चालत गेला. आत शिवणयंत्र थांबलं. मी दुसरी तार छेडली, मग तिसरी, आणि सरांनी हसून विचारलं, "घेणार का?"

मला ते खरं वाटेना. सर म्हणाले, दोन वर्षांत त्यांनी ती गिटार बाहेर काढलेली नव्हती. त्यांचा डावा हात आताशा थरथरत असे. चहाचा कप धरताना मी ते पाहिलं होतं, पण कधी विचारलं नव्हतं. "लाकडी गिटारवर हात हलला तर माझं मलाच कळतं," ते म्हणाले. "ही मात्र सगळ्या खोलीला सांगते." कुणाला तरी द्यायचीच आहे, तर आपल्याच शिष्येला द्यावी असं त्यांच्या मनात होतं. किंमत त्यांनी अगदी संकोचाने सांगितली. माझे तीन-चार पगार त्यात गेले असते. माझा चेहरा बघून ते म्हणाले, घाई करू नकोस, आधी नीट ऐक, मग ठरव.

घरी येऊन मी दादाला सगळं सांगितलं. दादाचा स्वभाव असा की कुठलीही वस्तू चांगली आहे म्हटलं की त्यातला कुठला भाग चांगला आहे, हे त्याला हवं असायचं. त्याने विचारलं, "हे पैसे कशाचे? धातूच्या अंगाचे, चुंबकाचे की पेटीचे? आवाज नेमका कुठून येतो?" रात्री अंथरुणावर पडल्यावरही मी तेच घोळवत होते. तार तर साधी पोलादाची. ती चुंबकाजवळ हलते, वेटोळ्यात बारीकशी वीज तयार होते, पेटी ती वीज मोठी करते. हे दादाने मला कागदावर काढून दाखवलं होतं. मग माझी लाकडी गिटार काय कमी करत होती? तिच्याही तारा पोलादाच्याच होत्या.

त्या रविवारी आम्ही विठ्ठलवाडीला गेलो. स्टेशनाबाहेरून पुढे निर्वासितांची वस्ती सुरू व्हायची, आणि तिथे सिंधी लोकांनी लष्करी छावणीतलं उरलंसुरलं सामान मांडून बाजार उभा केला होता. कंदील, बूट, पाण्याच्या बाटल्या, टेलिफोनचे तुकडे, काय हवं ते. एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे कानाला लावायच्या हेडफोनचा ढीग होता. दादाने त्यातले चार जोड मागितले तेव्हा त्याने आम्हा दोघांकडे बघून विचारलं, "कान तो चार ही हैं, बाकी किसके लिए?" गिटारसाठी, असं मी सांगितल्यावर त्याला इतकी गंमत वाटली की त्याने प्रत्येक हेडफोन उघडून त्यातला चुंबक किती खिळे उचलतो ते स्वतःच करून पाहिलं आणि अशक्त चुंबक बाजूला टाकले. सिंधमध्ये त्याचं ग्रामोफोनचं दुकान होतं, हे त्याने जाता जाता सांगितलं.

पहिला प्रयोग आम्ही अगदी सोपा केला. अख्खा हेडफोन गिटारच्या लाकडाला घट्ट चिकटवला आणि त्याची वायर आमच्या रेडिओला लावली. त्या काळच्या बऱ्याच रेडिओंना मागे दोन भोकं असायची, ग्रामोफोन जोडण्यासाठी. मी तार छेडली आणि रेडिओतून आवाज आला. आई स्वयंपाकघरातून हात पुसत धावत आली. पण तो आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होता. शिवाय गिटारला बोट लागलं, बांगडी घासली, साडीचा काठ सरकला, तरी तेही सगळं रेडिओ तितक्याच उत्साहाने सांगायचा. लाकडावरचं सगळंच त्याला ऐकू जात होतं.

मग दादाने हेडफोन फोडून आतले चुंबक आणि वेटोळी काढली, लाकडाच्या पट्टीवर ओळीने बसवली आणि ती पट्टी तारांच्या अगदी खाली, पण त्यांना न लागेल अशी जोडली. आता लाकडाचा संबंध उरला नाही, फक्त तारेचं हलणं पोचायला लागलं. ऐकताक्षणी आम्ही एकमेकांकडे पाहिलं. हा गिटारचा आवाज होता. दोष होतेच. जाड तारांवर तांब्यापितळेचा वेढा असतो, त्या दबलेल्या ऐकू यायच्या आणि बारीक तारा पुढे पुढे करायच्या. मग बारीक तारांच्या बाजूला पट्टीखाली घातलेल्या कागदाच्या घड्या काढून काढून आम्ही तिचं ते टोक खाली उतरवलं. दुसरा त्रास गुणगुणीचा. वीज सुरू असली की मागे एक भुंगा सतत असायचा. पण एकदा मी सहज वळून बसले आणि तो भुंगा जवळजवळ गेला. पुन्हा वळले, पुन्हा आला. मी जमिनीवर बसल्या बसल्या सगळीकडे फिरून पाहिलं, आणि स्वयंपाकघराकडे तोंड केलं की तो सगळ्यात कमी होतो असं निघालं. घरातल्या विजेच्या तारांची गुणगुण वेटोळी एका दिशेने जास्त आणि दुसरीने कमी पकडतात, असं दादाने कारण सांगितलं. आई म्हणाली, मग तिकडेच तोंड करून बस, मला पोळ्या लाटताना बरं पडेल.

आता तुलना करायची होती, आणि ती सरांच्याच घरी करायची असं मी ठरवलं. त्यांना हे सांगताना मला जरा भीती वाटत होती. त्यांच्या जपून ठेवलेल्या वस्तूशेजारी मी भंगारातून केलेलं काहीतरी नेऊन ठेवणार होते. पण सरांनी माझ्या गिटारखालची पट्टी चष्मा लावून बराच वेळ पाहिली आणि विचारलं, रविवारी सकाळी प्रार्थनेनंतर याल का? टेंभी नाक्यावर गणेशोत्सवात लाउडस्पीकर लावणारा एक मंडपवाला त्यांच्या ओळखीचा होता. त्याच्याकडून त्यांनी स्वतःच एक अॅम्प्लिफायर आणि कर्णा मागून आणला. म्हणजे दोन गिटारी झाल्या आणि आवाज मोठा करणाऱ्या तीन गोष्टी. सरांची परदेशी पेटी, मंडपवाल्याचा कर्णा, आणि सरांच्याच बाहेरच्या खोलीत खिडकीशेजारी वर्षानुवर्षं असलेला त्यांचा मोठा लाकडी रेडिओ.

ठरलं असं, की सर आणि बाई आतल्या खोलीत पडद्याआड बसतील. मी बाहेर तीच एक ओळ प्रत्येक वेळी वाजवीन. दादा वायरी बदलेल आणि काय कशाला जोडलंय ते सांगणार नाही.

कर्ण्याचा निकाल लगेच लागला. त्यातून कुठलीही गिटार वाजवा, ती नाकात बोलल्यासारखीच येत होती. मैदानावर पुष्कळ लांब पोचली असती, पण जवळ बसून ऐकवत नव्हती. बाईंनी आतून सांगितलं, तो बंद करा, कोंबड्या बिथरल्या आहेत. खरोखरच परसातल्या कोंबड्या ओरडत होत्या.

मग सरांची गिटार त्यांच्या पेटीवर, माझी गिटार त्यांच्या पेटीवर, असं दादाने दोन-तीनदा आलटून पालटून केलं. सर आतून सांगत होते, ही माझी, ही तुझी. पहिली दोन उत्तरं बरोबर आली. तिसऱ्या वेळी मी माझी लाकडी गिटार वाजवत होते, आणि सर आतून ठामपणे म्हणाले, "ही माझी." मी दादाकडे पाहिलं. त्याने पुन्हा वाजवायला खुणावलं. मी वाजवलं. सर म्हणाले, माझीच आहे, काय शंका?

ते बाहेर आले तेव्हा गिटार अजून माझ्या मांडीवर होती. त्यांनी ती पाहिली, वायर कुठून कुठे गेली आहे ते बोटाने पेटीपर्यंत माग काढत पाहिलं, आणि मग खुर्चीवर बसले. मला वाटलं ते दुखावले. मग ते म्हणाले, इतकी वर्षं मी गिटारला चादर पांघरतोय आणि पेटी नुसती कोपऱ्यात टाकून दिली आहे. हे म्हणताना ते हसत होते, पण लगेच त्यांनी मलाही पडद्याआड पाठवलं. आता ते वाजवणार होते.

मीही चुकले. जरा लांब सूर असला की मला ओळखता येत होतं, कारण त्यांच्या धातूच्या गिटारवर सूर जास्त टिकत होता आणि माझ्या गिटारचं पोकळ अंग तो लवकर गिळून टाकत होतं. पण सुरुवातीचा भाग, सूर उमटतानाचा त्याचा गोडवा, तो मात्र पेटीचाच होता. व्हॉल्व्ह, कागदी स्पीकर आणि लाकूड मिळून तो होत होता. मी ते मोठ्याने सांगत होते आणि मधेच थांबले, कारण बाहेरचा आवाज बदलला होता. सूर मऊ झाला होता आणि त्यात एक हलकं हेलकावणं आलं होतं, गाणारा माणूस सूर लावताना देतो तसं. बाई माझ्याशेजारी मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. त्या मला हळूच म्हणाल्या, "हे लग्नाआधीचं वाजवणं आहे."

आम्ही बाहेर आलो. सर आपली धातूची गिटार वाजवत होते आणि दादाने ती रेडिओला जोडली होती. त्यांचा डावा हात थरथरतच होता, अगदी दिसण्याइतका. पेटीवर ती थरथर टोचल्यासारखी ऐकू यायची, कारण पेटी वरचे तीक्ष्ण सूर पुढे आणायची. रेडिओचा मोठा स्पीकर जाड कापडाच्या आणि लाकडाच्या मागून बोलत होता आणि तीक्ष्णपणा अडवून धरत होता. थरथर तीच होती, पण तिचं आंदोलन होऊन बाहेर येत होतं. सरांनी ओळ पूर्ण केली, पुन्हा सुरुवातीपासून वाजवली, आणि मग रेडिओच्या मागे जाऊन त्या दोन भोकांकडे वाकून बघत राहिले.

"हा इथेच होता," ते म्हणाले.

बाई म्हणाल्या, त्यावर मी रोज फुलदाणी ठेवते.

त्या दिवशी आम्ही दुपारी त्यांच्याकडेच जेवलो. जेवताना सरांनी व्यवहार बदलला. गिटार मी आता विकत नाही, म्हणाले, पण पेटी तू घेऊन जा, तुला मांडवात लागेल, मला ती नको. त्यांनी पेटीची जी किंमत सांगितली ती मला परवडणारी होती, आणि दादाला वाटलं त्यापेक्षा कमी होती. दादाने प्रामाणिकपणे सांगितलं, की खरं मोल पेटीतच आहे, हे आजच सिद्ध झालंय. सर म्हणाले, ते तुझ्या हिशोबाने. माझ्या हिशोबाने मला गिटार परत मिळाली. ट्रान्सफॉर्मर इतका जड होता की आम्ही टांगा केला, आणि टांगेवाल्याने तो पायाशी ठेवताना विचारलं की यात लोखंडाची देवमूर्ती आहे का.

पुढच्या वर्षी कल्याणला एका शाळेच्या सभागृहात कार्यक्रम होता. तबला, हार्मोनियम, दोन गायिका आणि मी. दुपारीच जाऊन मी स्टेजवर बसल्या बसल्या गोल फिरून भुंगा कुठे कमी होतो ते शोधून काढलं. ती जागा नेमकी प्रेक्षकांकडे पाठ होईल अशी निघाली. शेवटी मी तिरकी बसले, अर्धी लोकांकडे आणि अर्धी भिंतीकडे, आणि आयोजकांना सांगितलं की ही हवाईयन पद्धत आहे. आई मुद्दाम सगळ्यात मागच्या ओळीत जाऊन बसली. वाजवताना मला तिचा चेहरा दिसत नव्हता, पण पहिल्या गाण्यानंतरच्या टाळ्या मागूनही आल्या. मग एका लांब सुरावर मी थांबले, तो सभागृहाच्या टोकापर्यंत जाताना मला स्वतःला ऐकू आला, आणि त्यानंतर मला मजा यायला लागली. आईने घरी येताना एवढंच सांगितलं, की दुसरं गाणं जरा हळू हवं होतं. म्हणजे मागच्या ओळीतही तिला सूर न् सूर ऐकू गेला होता.

कार्यक्रमानंतर तीन-चार कॉलेजातली मुलं स्टेजवर आली. त्यांना गिटार कुठल्या कंपनीची ते हवं होतं. मी ती तिरकी करून तारांखालचे हेडफोनचे चुंबक दाखवले. त्यांचा विश्वास बसेना. एकाने खिशातून किल्ली काढून चुंबकाजवळ नेली, ती चट्कन चिकटली, आणि स्पीकरमधून ठक्कन आवाज आला. पेटी बंद करायची राहिलीच होती. मग प्रत्येकाला किल्ली चिकटवून पाहायची होती.

सर दर रविवारी आता आपली गिटार घरच्या रेडिओला जोडून वाजवत. त्या घरात शिकणाऱ्यांपेक्षा ऐकायला येणारे जास्त झाले होते. त्यांची थरथर वाढत होती, काही सूर निसटायचे, आणि निसटले की ते अजूनही डोळे मिटून घ्यायचे, पण थांबायचे नाहीत. एका गुरुवारी मी शिकायला गेले तर त्यांनी टेबलावर तीन कांड्या मांडून ठेवल्या होत्या. एक पोलादाची, एक पितळेची आणि एक जाड काचेची, औषधाच्या बाटलीची मान कापून घासून केलेली. त्यांना आता असा प्रश्न पडला होता, की गिटार तीच, रेडिओ तोच, पण हातातली कांडी बदलली तर आवाज किती बदलेल. मी पर्स खाली ठेवली, नख्या चढवल्या आणि पडदा ओढून घ्यायला बाईंना हाक मारली.